दिवा आपोआप लागतो

१७ नोव्हेंबर
आजपासून लिहायचं. फक्त कामाचं. रडगाणं नाही.

काम एकच. दिवस मावळला की ओसरीचा दिवा आपोआप लागला पाहिजे. ह्यांच्या वेळी लागायचा. रक्षाचं जुनं मॅकबुक घरी पडलं होतं, त्यावर ह्यांनी घरातले दिवे-पंखे सांभाळणारं एक सॉफ्टवेअर बसवलं होतं. वर्ध्याच्या वाचनालयातून सहाच्या बसने पवनारला उतरले की कोपऱ्यावरूनच दिवा दिसायचा. हे गेले. तेराव्याच्या गर्दीत कोणीतरी मॅकबुक मिटवून कपाटात ठेवलं. तेव्हापासून बंद.

परवा अंधारात पायरीवर घोणस होती. शेजारच्या जिजाबाईने ते तत्परतेने फोन करून पुण्याला रक्षाला कळवलं. रक्षा म्हणाली, आई, मी संक्रांतीला येते, तोवर दिव्याचं काहीतरी कर, नाहीतर सामान बांध आणि माझ्याकडे चल.

पुण्याला जाणार नाही. तेव्हा दिवा. कारण घोणस. दुसरं काही कारण नाही. आठ दिवस पुरेत.

१८ नोव्हेंबर
जिजाबाई म्हणाली, तीनले निघतं तं लावूनच जात जा न दिवा. मी सांगितलं, दिवसा जळणारा दिवा ह्यांना चालत नव्हता. मग म्हणाली, नाई तं मी लावत जाईन, दिवेलागणीले घर अंधारात ठेवू नाई. मी सांगितलं, मला कोणाचे उपकार नकोत. जरा कडकच बोलले. ती म्हणाली, बरं माय.

एकदाचं स्पष्ट झालं ते बरं.

२१ नोव्हेंबर
टर्मिनल म्हणून एक काळी खिडकी असते. रक्षाने फोनवर सांगितलं तसं त्यात लिहिलं. सॉफ्टवेअर सुरू झालं, दिवाही लागला. खिडकी बंद केली तर सॉफ्टवेअरही बंद.

रक्षा म्हणाली, ते बॅकग्राउंडला टाकावं लागेल. म्हणजे कोणाला दिसत नाही, आपण बघायचंही नाही, पण काम चालू राहतं. एवढंच ना. डिक्शनरी मांडीवर घेऊन मी इंग्रजी कादंबऱ्या वाचल्या आहेत. ह्या तर चार ओळी.

२४ नोव्हेंबर, दुपार
पासवर्ड टाकते आहे, काहीच उमटत नाही. कीबोर्ड खराब. ओल्या कापडाने पुसला, उन्हात ठेवला.

संध्याकाळ
कीबोर्ड चांगला आहे. पासवर्ड टाकताना दिसतच नाही म्हणे, तसाच टाकायचा. ही काय पद्धत. माणसाने आपण लिहिलेलं बघायचं नाही?

२७ नोव्हेंबर
पासवर्ड घेतला, तर परवानगी नाही म्हणाला. माझ्याच घरात मला परवानगी नाही.

मग इंटरनेटवरून बॅकग्राउंडची फाईल उतरवून घेतली. अक्षर न् अक्षर जसंच्या तसं. एका जागी मोठ्या अक्षरांत 'युवर यूजरनेम' असं होतं, तेही तसंच ठेवलं. पदरचं काही घालायची माझी सवय नाही. कमांड दिली. या वेळी मॅकने चकार शब्द काढला नाही. रक्षा म्हणते, तो काही बोलला नाही तर झालं असं समजायचं.

मॅकबुक मिटवून कपाटात ठेवलं. चार्जरची वायर तिथवर पोचत नाही म्हणून काढली. बॅकग्राउंडला वीज ती किती लागणार.

२८ नोव्हेंबर
बसमधून उतरले. कोपऱ्यावरून दिवा दिसला.

झालं.

१ डिसेंबर
रोज लागतो आहे. रक्षाला कळवलं. तिला विश्वासच बसेना. आईला काही जमलं की मुलांना आधी संशय येतो. झोपताना मात्र दिवा मीच बंद करते. तो भाग नंतर शिकू.

जिजाबाईने ओट्यावरून विचारलं, लागते का तुया मशिनीचा दिवा? म्हटलं, लागतो तर. ती नुसती हसली. तिला ह्यातलं काय कळणार.

किरकोळ: ओसरीवर दिव्याच्या बटणाखाली कुठून तरी वीट येऊन पडते. पोरं खेळत असतील. उचलून तुळशीपाशी ठेवली.

४ डिसेंबर, दत्तजयंती
वाचनालय बंद आहे हे तिथे गेल्यावर कळलं. चार वाजता परत. लख्ख ऊन, आणि ओसरीचा दिवा चालू. विचारायलाही कोणी नाही. जिजाबाई माझ्या मागोमागच दत्ताच्या देवळात गेलेली.

चिडून उपयोग नाही, विचार केला. सॉफ्टवेअर सूर्यास्ताची वेळ गावावरून काढतं. त्याने कलकत्ता धरलं असणार. किंवा आसाम. किंवा त्याच्याही पुढचं काही. मॅकबुक काढून सेटिंगमध्ये वर्धा शोधलं, सापडलं नाही, नागपूर टाकलं. पुन्हा मिटवलं.

वीट पुन्हा बटणाखाली. पुन्हा तुळशीपाशी नेली. ह्या पोरांना आया नाहीत का?

५ डिसेंबर
दिवा अगदी वेळेवर. नागपूर लागू पडलं.

११ डिसेंबर
नातवाचं बारसं म्हणून जिजाबाई लेकीकडे रोहण्याला गेली. गल्लीत शांतता. टोमणे नाहीत, चौकशा नाहीत.

दिवा लागला नाही.

१२ डिसेंबर
नाही लागला. मॅकबुक चार्ज करून बंद-चालू केलं. वाय-फायचा डबा बंद-चालू केला. मेन स्विचही केला, तर फ्रिज घुरघुरायला लागला.

१३ डिसेंबर
नाही. मोबाईलच्या उजेडात कुलूप चाचपलं. किल्ली लागेना. दाराशी उभी होते तर उगाच वाटलं, आतून आता कोणी खाकरेल. हे कामाचं नाही. खोडायचं.

१४ डिसेंबर
नाही. कारण सापडलं. थंडी. एवढ्या थंडीत माणूस आखडतो, मशीन का नाही आखडणार. मॅकबुकवर शाल घातली.

रक्षा म्हणाली, तुझ्या खोलीला नवे पडदे लावलेत. कशाला लावले? मी दिव्याचं काही बोलले नाही.

१५ डिसेंबर
नाही. दुसरी घडी करून शाल नीट घातली. आज वाचनालयातून आणलेलं पुस्तक उघडलंच नाही.

१६ डिसेंबर
लागला. शालच कमी पडत होती.

जिजाबाई दुपारीच रोहण्याहून आलेली. रात्री पेढे घेऊन आली आणि बारशाला कोणाची सून कशी वागली ते सगळं सांगत बसली. हिला घरी काम नसतं का?

८ जानेवारी
रक्षा येण्याचे दिवस जवळ आले. फोनवर म्हणाली, मॅकमध्ये काय काय चालू आहे त्याची यादी निघते, ती एकदा बघ. काढली. आपलं सॉफ्टवेअर त्यात नाही. मी सांगितलं, बॅकग्राउंडला आहे, मग यादीत कसं दिसेल. ती एकदम तिळगुळाचं विचारायला लागली. पटलं असावं.

तरी तिच्या समाधानासाठी उद्या मॅकबुक सुरभीला दाखवते. वाचनालयात पुस्तकं देणारी मुलगी, कॉम्प्युटर शिकलेली.

९ जानेवारी
सुरभीने उघडून पाहिलं. म्हणाली, मावशी, यात तं काहीच चालू नाई. कधी झालंच नाई. युवर यूजरनेम तसंच ठेवलं तुम्ही, तिथे काकांचं नाव टाकायचं होतं. मी विचारलं, मग इतके दिवस दिवा कोण लावतंय? ती म्हणाली, तेच मी तुम्हाले विचारते.

लहान आहे, अनुभव नाही. पिशवी उचलून निघाले. बसमध्ये सगळी वाट मनातल्या मनात तिला उत्तरं देत होते.

पवनारला उतरले. कोपऱ्यावरून दिवा दिसला. पाहा म्हटलं. यात काहीच चालू नाही म्हणे. उद्याच जाऊन सांगते.

तेवढ्यात खांदा दुखला म्हणून पिशवी दुसऱ्या खांद्यावर घेतली. पिशवीत मॅकबुक होतं.

कोपऱ्यावर उभी राहिले. एक ट्रॅक्टर गेला. दिवा चालूच होता.

जिजाबाई ओट्यावर तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. माझ्याकडे पाहिलं, पिशवीकडे पाहिलं. म्हणाली, आज मशीन फिरायले नेलती का? मी म्हटलं, हो. ती म्हणाली, बरं केलं, तिले बी तेवढीच हवा. आणि शेंगा सोलत राहिली.

किल्ली लगेच लागली. उजेड होता.

१० जानेवारी
मॅकबुक कपाटात. शाल परत घेतली. थंडी मला आहे.

सकाळी रक्षाचा फोन. लागतो ना गं दिवा आपोआप? म्हटलं, लागतो. म्हणाली, आल्यावर सगळं बघून देते. म्हटलं, चालू आहे त्याला हात लावू नये.

यूजरनेमच्या जागी ह्यांचं नाव टाकायचं आहे. संक्रांतीनंतर बघू.

ओसरीचं बटण ह्यांनी स्वतःच्या उंचीने बसवलेलं. माझाच हात जेमतेम पोचतो, आणि जिजाबाई माझ्या खांद्याला लागते.

तीन वाजता निघताना तुळशीपाशी गेले आणि वीट उचलून बटणाखाली ठेवली.