दम लागतो

प्रिय खारूताई,

पत्र पाहून तू आधी दचकशील, म्हणून पहिल्याच ओळीत सांगतो, घरी सगळे ठीक आहेत. आईचा गुडघा तिच्या म्हणण्याप्रमाणे दिवसभर दुखतो आणि माझ्या म्हणण्याप्रमाणे जिना चढायचा असला की दुखतो. मामाचं पोट होतं तिथेच आहे, थोडं पुढे. आता फोन असताना पत्र कशाला, असं तुला वाटेल. फोनवर आपल्या दोघांचं एक ठरूनच गेलं आहे. तू इंजिनाबद्दल विचारतेस, मी इंजिनाबद्दल सांगतो, मग तू म्हणतेस आईला दे. परवा तू म्हणालीस, रजा मिळाली, शनिवारी पोचते, रविवारच्या शर्यतीला गाडीत मीच बसणार. मी नुसतं बरं म्हणालो. त्या 'बरं'च्या मागे पुष्कळ काही होतं, पण बोलायला लागलो असतो तर पुन्हा पिस्टन आणि पट्ट्यावरच गेलो असतो. कागदावर निदान खोडता तरी येतं. रविवारी तू गाडीत बसण्याआधी, खरं तर इकडे निघण्याआधीच, हे तुझ्या हातात पडावं म्हणून कुरियरनं तुझ्या ऑफिसच्या पत्त्यावर पाठवतो आहे.

इंजिन पूर्ण झालं, हे तुला माहीत आहेच. पण ते कसं झालं, हे मी तुला नीट सांगितलेलंच नाही, आणि ते सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही. ॲल्युमिनियमचा अखंड ठोकळा कोरून इंजिनाचा ब्लॉक, म्हणजे धड, करून घेतला. तो खोक्यातून बाहेर काढला तेव्हा आई दारात उभी होती. म्हणाली, आता यावर डोकं ठेवून झोपणार का. खोटं कशाला बोलू, दुपारच्या जेवणानंतर एकदा टेकलं होतं डोकं, गार लागतं. पिस्टन पहिल्यांदा चुकीचे आले. घडवणाऱ्यानं आपल्या जुन्या इंजिनाचा नकाशा धरून त्यांची डोकी फुगीर ठेवली होती. त्याला समजावलं की बाबा रे, आता वरून हवा कोंबून येणार आहे, ती मावायला डोकं खोलगट पाहिजे. क्रँकशाफ्ट मामानं आणि मी मिळून चकचकीत केला, त्यात मामाच्या मिशा दिसायच्या. पिस्टनच्या रिंगांना मात्र मी कुणालाही हात लावू दिला नाही. खिडकीपाशी बसून एकेक रिंग कानशीनं घासायची, सिलिंडरमध्ये सरकवायची, टोकांमधली फट मोजायची, पुन्हा काढून घासायची. ही फट नेहमीच्या इंजिनापेक्षा थोडी जास्त ठेवावी लागते. कमी ठेवली तर रिंग तापून फुगते, टोकं एकमेकांना भिडतात आणि सगळंच जाम होतं. त्या कामात माझं मन फार शांत व्हायचं. जप करताना होतं तसं. तेव्हा मला वाटायचं की हे मी तुझ्यासाठी करतो आहे, आणि तुला ते हवं आहे.

तुला आठवतं का बघ, लहान असताना तू तेलाच्या उपड्या डब्यावर बसून माझं काम बघायचीस. दुसऱ्या कुणाची गाडी दुरुस्तीला आली होती, तिच्या इंजिनावर मोठी पेटी बसवलेली. तू विचारलंस, ही पेटी कशाला. मी म्हणालो, हा ब्लोअर, हा इंजिनाला आपण होऊन घेता येईल त्याहून जास्त हवा देतो. तू विचार करून म्हणालीस, म्हणजे इंजिनाला दम देतो. मामा एवढा हसला की त्याच्या हातातला पाना पडला. म्हणाला, दाजी, घरात कुणी कुणाचा दम ऐकत नाही, निदान इंजिन तरी ऐकेल. तेव्हापासून आपल्या गॅरेजात ब्लोअर हा शब्दच गेला. दम बसवला, दमाचा पट्टा तुटला, याला दम लावायला पाहिजे, अमक्याचा दम कमी पडला. बाहेरचं माणूस आलं की त्याला वाटायचं, हे लोक सारखे कुणाला तरी धमकावताहेत. गावच्या शाळेत आमचे गुरुजी म्हणायचे, शब्द वापरताना तो समोरच्याच्या कानात कसा उतरतो ते पाहा. मला वाटायचं हे व्याख्यान देणाऱ्यांसाठी आहे, गॅरेजवाल्यांसाठी नाही.

गेल्या मोसमातली शेवटची शर्यत घे. त्या सगळ्या मोसमात मी तुझ्यामागे लागलो होतो की आता याला दम लावू या, आणि तू म्हणत होतीस, आहे तेवढं पुरे आहे बाबा. जुनं इंजिन सुटायचं छान, पण शर्यतीच्या सरळ पट्टीच्या दुसऱ्या टोकाला गळायचं. त्या दिवशीही, आपण जिला उंच बाई म्हणतो त्या पोरीनं तुला शेवटी शेवटी गाठलं आणि ती पुढे गेली. मी धावत आलो तेव्हा तू गाडीतून उतरून टायरवर बसली होतीस. हेल्मेट मांडीवर, केस कपाळाला चिकटलेले. मला वाटलं हरलीस म्हणून गप्प आहेस. तू माझ्याकडे पाहिलंस आणि म्हणालीस, "बाबा, दम लागतो."

मी म्हणालो, "लावू की."

किती आनंदानं म्हणालो ते तुला माझ्यापेक्षा जास्त आठवत असेल. अखेर पोरीला पटलं, असं मी मामाला ओरडून सांगितलं. मामानं तुझ्या पाठीवर थाप मारली. तू आधी माझ्या तोंडाकडे बघत राहिलीस आणि मग हसलीस. ते हसू मी होकार म्हणून घेतलं. त्याच आठवड्यात मी ब्लॉकच्या मागे लागलो. पुढे तू नोकरी धरलीस, लांब गेलीस, सुट्टीला यायचं लांबणीवर टाकत गेलीस. मी आईला समजावत होतो की नवी नोकरी आहे, रजा मिळत नसेल, इंजिन झालं की बघ कशी धावत येते.

आता गेल्या मंगळवारचं सांगतो. इंजिन गाडीत बसवून झालं होतं, पहिल्यांदा सुरू करायचं होतं. तुला ठाऊक आहे, किल्ली फिरवण्याआधी मी डोळे मिटून उभा राहतो, आणि मामा घसा खाकरतो. इंजिन सुरू होऊ दे असं मी देवाकडे कधी मागितलेलं नाही. सुरू करणं माझं काम आहे. सांगितल्यावर बंद होऊ दे, एवढंच मागतो. दम लावलेल्या इंजिनाच्या बाबतीत हे मागणं लहान नाही. तर सुरू झालं, पहिल्या फटक्यात. तो आवाज लिहून दाखवता येत नाही. भिंतीवरचे पाने खिळ्यांवर नाचत होते आणि आई वरून खिडकी लावून घेत होती. बंदही झालं. मग आम्हाला बघायचं होतं की एवढ्या थरथरीत वेग वाढवायचं पायाखालचं पेडल अडकत तर नाही ना, आणि ते आत बसूनच बघावं लागतं. मामा तुझ्या आसनात मावत नाही, हे सांगायला नको. म्हणून मी बसलो.

मी इतकी वर्षं या गाड्या बांधतो, पण पट्टे आवळून, हेल्मेट घालून, इंजिन चालू असताना आत कधी बसलो नव्हतो. आसन तुझ्या मापाचं ओतलेलं, माझे खांदे त्यात चिमटले. मामानं पट्टे ओढले, अजून ओढले, छातीच्या फासळ्या आत गेल्यासारख्या झाल्या. मग मानेचं कडं, मग हेल्मेट, मग काच खाली. स्वतःचाच उच्छ्वास तोंडावर परत येत होता. मामानं इंजिन सुरू केलं. तो दम, मी स्वतः बसवलेला, नाकासमोर हातभर अंतरावर किंचाळत होता, सगळीकडची हवा ओढून घेत होता. माझ्यासाठी उरलीच नाही असं वाटलं. उरली होती, मला कळत होतं की उरली आहे, धूर नव्हता, आग नव्हती, काहीच बिघडलेलं नव्हतं. पण छाती वर येईना. गाडी तर जागेवरच उभी होती, खारू. चाकं हललीही नव्हती. मी हात वर केला, मामानं बंद केलं. पट्टे सुटल्यावर मी बाहेर पडून फरशीवरच बसलो आणि हेल्मेट मांडीवर घेतलं. मामानं विचारलं, काय झालं. माझ्या तोंडून जे आलं ते आपोआप आलं. मी म्हणालो, "दम लागतो."

मामानं इंजिनावरच्या दमावर हात ठेवला आणि म्हणाला, "दाजी, आता अजून कुठे लावणार?"

तो हसत होता. मीही हसणार होतो, पण तोंड अर्ध्यावरच राहिलं. तुझं टायरवर बसणं, चिकटलेले केस, माझ्या तोंडाकडे बघत राहणं, सगळं एकदम समोर आलं. माझा चेहरा तेव्हा कसा दिसत असेल तेही दिसलं. एवढा खूष झालेला माणूस समोर असताना, नाही बाबा, तसं नाही, असं कोण म्हणेल. तू तरी म्हणाली नसतीस.

वर जाऊन आईला सगळं सांगितलं. ती भाजी निवडत होती, निवडतच राहिली. मला वाटलं तिला आश्चर्य वाटेल. पण ती म्हणाली, "मला वाटलं तुम्हाला कळलंय, आणि तरी बांधताय." मी विचारलं, तुला कधी कळलं. म्हणाली, ती हेल्मेट धुवायला म्हणून घरी आणायची आणि न्हाणीत दार लावून बसायची, तेव्हाच. मग मीही भाजी निवडू लागलो. निवडलेल्यात कीड ठेवली म्हणून बोलणी खाल्ली, तेवढंच बरं वाटलं.

त्यानंतरचे दिवस मी खाली गेलो, काम केलं, पण इंजिनावर कापड टाकून ठेवलं. मला त्याचा राग आलेला नाही. ते चांगलं झालं आहे, माझ्या हातून आजवर झालेल्यात सगळ्यात चांगलं. चांगली वस्तू चुकीच्या ऐकण्यातूनही होते, हे देवाचं काय गणित आहे ते मला कळत नाही, आणि कळायला हवं असंही नाही. मी फक्त एवढंच बघतो की ज्या गोष्टीला तू वर्षभर टाळलंस, तिच्यात बसायला तू शनिवारी येणार आहेस, आणि ते इंजिनासाठी नाही. मी ते पूर्ण केलं म्हणून.

तर हे पत्र लिहायचं कारण असं. रविवारसाठी मी उंच बाईला विचारलं आहे. ज्या पोरीनं तुला हरवलं तिलाच तुझी गाडी, मामाला हे आधी पचलं नाही. पण ती चांगली चालवते, इंजिनाला उगाच पिळत नाही, आणि तिला बसवायला आसन नव्यानं ओतावं लागेल म्हणून मामा आज सकाळपासून कामाला लागला आहे. तिला कारण सांगितलं नाही. एवढंच सांगितलं की पक्कं शनिवारी संध्याकाळी कळवतो, कारण मी पुन्हा चुकीचं ऐकलेलं असू शकतं. तसं असेल आणि तुला खरोखर बसायचं असेल, तर सांग, ती बाजूला होईल आणि मी तुझे पट्टे स्वतः बांधीन. नसेल बसायचं, तर काही सांगू नकोस, समजावू नकोस, नुसती ये. रजा मोडू नकोस, ती गाडीसाठी काढलेली नाही असं समज. रविवारी मैदानावर यावंसं वाटलं तर माझ्याशेजारी कुंपणाला टेकून उभी राहा, नाही वाटलं तर आईजवळ लोळत पड. वर्षभर तुला घरी यायची भीती वाटावी असं घर मी होऊ दिलं, याचं मला वाईट वाटतं, पण त्यावर आपण बोललंच पाहिजे असंही नाही. शनिवारी तुला घ्यायला मीच येईन. आपली जुनी गाडी आणीन, सावकाश चालवीन, आणि तू सगळ्या खिडक्या उघडून बस.

तुझाच, अजूनही ऐकायला शिकत असलेला,
बाबा