स्ट्रॉबेरीचा कोट

प्रिय काजबटण,

या नावाने हाक मारायचा हक्क मला अजून आहे की नाही, माहीत नाही. पण सहा वर्षं तू या घरची सून होतीस आणि तेवढ्या काळात तुझं खरं नाव मी कधी घेतलं नाही, आता ते तोंडात बसत नाही. दुकानात येऊन तू काजं करायला शिकलीस आणि महिन्याभरात माझ्यापेक्षा बारीक टाके घालायला लागलीस, तेव्हा जळफळून मी ठेवलेलं नाव आहे ते. तेच राहू दे. तुला एक गोष्ट सांगायची आहे. सकाळपासून तीनदा कागद घेऊन बसलो आणि तीनदा उठून मागच्या अंगणात चक्कर मारून आलो. तेव्हा आधी अंगणातलंच सांगतो.

तुझा स्ट्रॉबेरीचा वाफा मी टिकवला, बरं का. तू घर सोडलंस तेव्हा वाटलं होतं, हाही जाणार. पण उन्हाळ्याच्या तोंडाशी फळं धरली, आणि चांगली धरली. अर्धी पाखरांनी खाल्ली, उरलेली मी उभ्या उभ्या खाल्ली, कारण बशीत घेऊन एकट्याने बसायचं जिवावर आलं. मग त्या लांब फांद्या सुटल्या, रनर की काय म्हणायचीस ते. वाफा सोडून पायवाटेवर, तिथून नळापर्यंत. लोंबता धागा दिसला की शिंप्याचा हात कात्रीकडे जातो. बऱ्याच कापल्या. सहा तेवढ्या ठेवल्या आणि त्यांची टोकं डब्यांतल्या मातीत टेकवून वर पिना खोचल्या. आरशापाशी तुझ्या केसांच्या पिना राहिल्या होत्या, त्याच. सहाही रुजल्या.

पुढचं मात्र सांगायला लाज वाटते. गेल्या महिन्यात एकदम गारठा पडला आणि मला काही सुचेना. थंडी आली की तू वाफ्यावर काहीतरी घालायचीस एवढं आठवत होतं. काय आणि कधी, हे मी कधी डोळे उघडून पाहिलंच नव्हतं. तुला विचारायला तोंड नव्हतं. मग मला जे येतं ते मी केलं. टेप घेऊन वाफ्याचं माप घेतलं. जुन्या कोटांचं कापड जोडलं, आतून कापूस घालून जाड अस्तर लावलं, कडेने काजं केली, भोवती खुंट्या ठोकून त्यांना बटणं बसवली. चार दिवस दुसरं काम हातात घेतलं नाही. शेजारचे मास्तर कुंपणावरून बराच वेळ बघून म्हणाले, खिसे राहिले की हो. मी म्हणालो, ट्रायलच्या वेळी लावू.

पंधरा दिवसांनी बटणं काढली तर आतून कोंदट वास आला. पानं पिवळी पडून चिकटलेली, देठांवर राखाडी बुरशी. बावीस रोपांपैकी पाच नुसती धरली तर हातात आली. चाळीस वर्षांत गिऱ्हाइकाचं कापड इतकं कधी बिघडवलं नव्हतं. तसाच चपला सरकवून तुझ्या नर्सरीवाल्या मैत्रिणीकडे गेलो. तू गेल्यापासून ती माझ्याशी कामापुरतंच बोलते, आणि त्यात तिची काही चूक नाही. तिने सगळं ऐकून घेतलं, हसली नाही. म्हणाली, रोपाला आधी थंडी सोसू द्यायची असते. थंडी लागली की पानं लालसर होऊन खाली बसतात, रोप आपणहून झोपतं. बादलीतलं पाणी गोठायला लागलं की मग पेंढा घालायचा, तोही मोकळा, चार बोटं. जागं असताना कोंडलंत तर ते कुजणारच, काका. मग दार लावता लावता तिने आणखी एक गोष्ट सांगितली. त्या गोष्टीमुळेच हे पत्र लिहितो आहे.

त्याला आज चार दिवस झाले. कोट काढून टाकला. बादली भरून वाफ्याशी ठेवली आहे आणि उजाडलं की आधी तिच्यात बोट घालून बघतो. पेंढ्याच्या दोन पेंड्या कापायच्या टेबलावर पडल्यात, येणारं प्रत्येक गिऱ्हाईक शिंकतं. कुठे म्हणून बूड टेकत नाही. काल एका पँटचा डावा पाय दोनदा उसवला. मशीनवर बसलो की वाफा आठवतो, वाफ्याशी गेलो की तू.

खरं म्हणजे एक संध्याकाळ आठवते. मागच्या वर्षी याच दिवसांत तू दुकानात आलीस. तुझ्या स्वेटरला पेंढ्याच्या काड्या चिकटल्या होत्या. म्हणजे त्याच दिवशी तू वाफा झाकत होतीस, हे मला आत्ता कळतंय. तू विचारलंस, बाबा, मंगळवारी रात्री आठपर्यंत तो खरंच तुमच्याबरोबर दुकानात होता का? मी एका बाईंच्या झग्याची किनार टाचत होतो, तोंडात टाचण्या धरलेल्या. तोंडात टाचण्या असल्या की शिंप्याला बोलता येत नाही, हे जगाला ठाऊक आहे. मी नुसती मान हलवली. होता म्हणून. तू म्हणालीस, मग माझंच डोकं फिरलंय. आणि परत अंगणात गेलीस. पुढे आमच्या चिरंजीवांनी ते वाक्य उचललं आणि उठता बसता तुला ऐकवलं, तेव्हाही मी मान खाली घालून जेवत राहिलो.

तो दुकानात नव्हता. त्या मंगळवारी नव्हता, आधीच्या मंगळवारीही नव्हता. कुठे, कोणाकडे जात होता हे मला माहीत होतं. वाटलं होतं, थोडे दिवस झाकून ठेवलं तर सगळं आपोआप निवळेल, घर राहील, तू राहशील. नर्सरीवाली दारात म्हणाली, एका चांगल्या माणसाने तुला लग्नाचं विचारलं आणि तू त्याला नाही म्हणालीस. माझा स्वभाव संशयी आहे, एक संसार मोडला तेवढा पुरे, असं म्हणालीस. काजबटण, तुझा स्वभाव संशयी नाही. तुझं माप सूतभरही चुकलं नव्हतं, खोटं मी बोललो होतो. त्या माणसाला हो म्हण की नाही, ते तुझं तू बघ, पण माझ्या त्या मान हलवण्यावरून ठरवू नकोस. हे लिहितोय असं चिरंजीवांना फोन करून सांगितलं. त्यांनी फोन आपटला. आपटू दे. उत्तर दिलं नाहीस तरी मी समजून घेईन. रनरचे सहा डबे उद्या नर्सरीवालीकडे तुझ्यासाठी ठेवतो. आज सकाळी बादलीवर बर्फाचा पापुद्रा होता. पत्र टपालात टाकून आलो की पेंढा घालतो.

तुझाच,
तोंडातल्या टाचण्या काढून लिहिणारा
बाबा