टाकीवरचं पिल्लू

कळंबा, कोल्हापूर
मंगळवार, २८ मे २०२४

चि. स्वप्नालीस,

आईचे आशीर्वाद. अंबाबाईच्या कृपेनं आम्ही दोघी खुशाल हाय. तुझी संयू दोन वेळा पोटभर जेवतीया, तवा तू तिकडं पुण्यात जिवाला घोर लावून घेऊ नको. दवाखान्यातली ड्युटी करून वेळेवर खात जा. फोन असताना म्हातारीनं कागद कशाला काळा केला म्हणशील. फोनवर तू "हॅलो आई" म्हणलीस की माझं निम्मं बोलणं राहूनच जातंय.

घारीचं तुला संयूनं सांगितलंच असंल. शेजारच्या बाळासो भावजींच्या घरामागं परड्यातल्या निलगिरीवर तिचं घरटं, आपल्या गच्चीवरनं अगदी समोर दिसतंय. काड्या, चिंध्या, मिळंल ते नेलं तिनं. दोरीवरची संयूची लाल रिबनसुद्धा पळवली भवानीनं! मार्चअखेरीला दोन पिल्लं निघाली. घार उंदीर आणायची, फाडून एकेकाच्या चोचीत घालायची. थोरलं हावरट, धाकटं नुसतं रडं. घरोघरी मातीच्या चुली.

सांडगे वाळत घालायला गेलते तर घार माझ्या डोक्यावरच झेपावली. दुसऱ्या दिवसापास्नं मी डोक्यावर पातेलं घालूनच गच्चीवर जायला लागले. भावजी खालनं ओरडले, "वैनी, लढाईला निघालाय काय?" संयू हसून हसून गडबडा लोळली. तिला तसं हसताना लई दिवसांनी बघितलं.

मे महिन्यात थोरलं उडून गेलं. धाकटं कसंबसं आपल्या पाण्याच्या टाकीवर येऊन बसलं. रविवार होता, मटण आणलं होतं. म्हटलं, लेकरू उपाशी दिसतंय, आणि चरबीचे तुकडे कठड्यावर ठेवले. खाल्ले की त्यानं! मग मला चटकच लागली. रोज त्याच्यासाठी पावशेर कोंबडी आणायला लागले. मी जिन्यात पाऊल टाकलं की ते ओरडायचं. कुणीतरी आपली वाट बघतंय, ह्याचं बरं वाटायचं ग.

घार समोरच्या मोबाईलच्या टॉवरवर उंदीर घेऊन बसायची आणि हाका मारायची. हे ढिम्म हलायचं न्हाई. भावजी म्हणाले, "वैनी, माया करताय खरं, पर ते पांगळं होईल. पावसाळ्यात काय खाणार हाय?" मी म्हटलं, "तुमच्या खिशातनं घालत न्हाई न्हवं?" चार दिवस त्यांच्याशी बोलले न्हाई.

शुक्रवारी संयू म्हणाली, "आज्जी, त्याची आई कवापास्नं बोलावतीया. तू घालतीस म्हणून ते जाईना." आणि जिन्याच्या पायरीवर बसून हळूच विचारलं, "माझा शाळेचा दाखला आला की मी मम्मीकडं जाणार न्हवं?"

मी उठले. स्वयंपाकघरात जाऊन धुतलेली भांडी परत धुतली.

शनिवारपास्नं घालायचं बंद केलं. दिवसभर त्यानं नुसता आकांत केला. रविवारी मटण केलं, खरं माझं ताट तसंच झाकून ठेवलं. काल सकाळी त्यानं टाकीवरनं उडी टाकली. तारांवर पडतंय म्हणून मी किंचाळले. पडलं न्हाई. वर गेलं आणि टॉवरवर आईच्या शेजारी जाऊन बसलं. संयूनं टाळ्या पिटल्या आणि मी पदर डोळ्याला लावला.

स्वप्नाली, शाळेनं दाखला अडवलेला न्हाई. तू सही करून ठेवलेला अर्ज मी निकालादिवशीच दिला आणि कारकुनानं दुसऱ्या दिवशी दाखला माझ्या हातात ठेवला. साहेब रजेवर हायत, शिक्का सापडंना, इलेक्शनची ड्युटी हाय, ह्या सगळ्या मी तुला फोनवर मारलेल्या थापा. त्या बिचाऱ्या कारकुनाचा काही दोष न्हाई. दाखला माझ्या ट्रंकेत, ऋतुराजच्या शर्टाखाली होता. जून उलटला की तिकडं प्रवेश मिळणार न्हाई, मग वर्षभर पोर माझ्याजवळ राहील, असा हिशेब केलता मी. माझा लेक ऋतुराज देवाघरी गेला, तू नोकरीला गेलीस, आता ही गेली तर मी कुणासाठी चूल पेटवू? ह्या भ्यानं केलं. भ्या अजून हाय. खरं तुझं लेकरू तुझ्यापास्नं अडवून ठेवायचा मला काय अधिकार?

दाखला ह्याच पाकिटात हाय. रजिस्टर करून पाठवतीया. आधी शाळेत नाव घाल, मग रविवारी तिला न्यायला ये. मी काय केलं ते संयूला आज मीच सांगणार हाय. तुला मला काय बोलायचं असंल ते तोंडावर बोल, खरं जेवण झाल्यावर.

तिची एक रिबन घारीच्या घरट्यात हाय. दुसऱ्या वेणीची तेवढी माझ्याजवळ राहू दे.

संयूची आज्जी,
आणि तू अजून म्हणणार असलीस तर
तुझी आई