जवसाच्या तेलाचं निमित्त

बोरगाव मेघे
१२ जानेवारी २०२५

चि. सौ. अन्नपूर्णा हिस अनेक आशीर्वाद.

तुझ्या लेकीचा, काजलचा रडत फोन आला. दिवाळीपासून छातीत गाठ, गावच्या डॉक्टरांनी मोठ्या दवाखान्यात तपासणी सांगितलेली, आणि तू चटणीवर जवसाचं तेल ओतून औषध चालू असल्याचं सांगतेस म्हणे!

पेपरातला जवसावरचा तो लेख मीही वाचला. जवसातली मेदाम्लं कर्करोगाच्या पेशींची वाढ मंदावू शकतात, असं त्यात आहे खरं. पण त्या पेशी प्रयोगशाळेत काचेच्या बशीत वाढवलेल्या. तू काय बशीत राहतेस? जवस खा, हवं तर केसांना लाव, पण आधी गाठ दाखव. मला तर थोरली जाऊ म्हणवून घ्यायची लाज वाटते.

रागावले तरी माया आहेच.
तुझी उज्वला

पवनार
१५ जानेवारी २०२५

ती. उज्वलाताईंना सा. न.

रूपरावच्या भाजीच्या गाडीवर हे पत्र धाडून राह्यली. फोनवर बोललं त सारं घर कान देते.

ताई, जवसानं गाठ जात नाई, हे मले समजते. मी मोठ्या दवाखान्यात गेलती. पडद्याआड डॉक्टर कोण, त कैलास! चंद्रभानभाऊजीचा. आपल्या अंगणात उघडा फिरणारा पोट्टा. अदबीनं म्हणाला, काकू, पदर बाजूले घ्या. मी पदर आणखीनच घट्ट धरला. चप्पल बाहेर राह्यली म्हणून सांगतलं अन् थेट बस धरली. काल संक्रांतीच्या हळदीकुंकवाले त्याची माय समोर बसली होती. माह्यानं मान वर झाली नाई. त्यानं घरी सांगतलं असंल काय?

दवाखान्यात काऊन नाई जात, असं कोणी विचारलं त सांगाले जवस आहे. गाठ मात्र वाढून राह्यली. तुम्ही शिकल्या, तुम्हाले अशी लाज वाटत नसंल.

राग सोडजा.
तुमची अन्नपूर्णा

बोरगाव मेघे
१६ जानेवारी २०२५

चि. सौ. अन्नपूर्णा,

आज आशीर्वाद द्यायला तोंड नाही. तुला बशीवरून टोचलं, त्याची लाज वाटते.

आणि शिकल्याने लाज जाते, हे तुला कुणी सांगितलं? आमच्या कॉन्व्हेंटच्या वसतिगृहात आंघोळसुद्धा परकर न सोडता करायची, सिस्टर दाराशी उभी. तुझं पत्र वाचून मी आरशासमोर उभी राहिले, म्हटलं स्वतःला चाचपून पाहावं. घरात चिटपाखरू नाही. तरी दार लावलं, पडदा ओढला, शेवटी दिवाही बंद केला. अंधारात काय दिसणार, कपाळ! सहासष्ट वर्षांची बाई मी, जगाला अक्कल शिकवणारी, आजवर एकदाही कुणाला दाखवलेलं नाही.

कैलासशी बोलले. त्याने घरी अवाक्षर काढलेलं नाही. उलट तोच ओशाळलाय, काकूंना नर्सबाईंकडे पाठवायला हवं होतं म्हणाला. सोमवारी तिथे बाई डॉक्टर असतात. दोघींची नावं दिली आहेत, माझं आधी.

मी येते घ्यायला. आत माझ्याजवळच उभी राहा. ब्लाउजच्या हुकाशी माझा हात थबकला तर मला रागव, चांगली खडसावून. मग तुझी पाळी.

लहान असलीस तरी त्या दिवशी मोठी हो.
तुझी उज्वला