पोपने न पाहिलेलं कारंजं

तोआ पायोह, सिंगापूर
मार्च १९९६

प्रिय पप्पा,

येशू तुमच्या उशाशी असो. आग्नेसताई हे वाचून दाखवेलच. माझा खोकला गेला, जहाजावरचं कामही ठीक चाललंय. आईचे गुडघे कसे आहेत?

इथल्या फादरनी पोप बारावे क्लेमेंट यांची अडीचशे वर्षांपूर्वीची गोष्ट सांगितली. मी थक्कच झालो! अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी पोप झाले आणि दोनच वर्षांत दृष्टी पार गेली. सहीसाठी दुसऱ्याने हात धरून कागदावर टेकवायचा. तशातच त्यांनी रोममध्ये केवढं मोठं कारंजं बांधायला काढलं!

आणि तुम्ही म्हणे दिवसभर ओट्यावर गप्प बसता. दिसत नाही, मग वाडीत नवी विहीर कशाला, म्हणता. ताई, हे मोठ्याने वाच.

पप्पा, नेहमीसारखं अनवाणी चालून, जमिनीखालचं पाणी तळपायांनी ओळखून विहिरीची जागा तुम्हीच दाखवा. पाणी लागलं की आत एक खडा टाका, आणि आवाज कसा आला ते मला कळवा.

तुमचा आशीर्वाद मागणारा,
इनास