निळं राफल

मुबीना,

मी तुझ्या अब्बांबरोबर सफरचंदं उतरवायला बागेत जातेय. तू गाढ झोपली होतीस, उठवलं नाही. नून चहा चुलीवर आहे.

पलंगावर तुझं फेरन ठेवलंय. जम्मूला अजून उकडत असेल आणि इथे सकाळी बोटं गारठतात, म्हणून जाड ट्वीड सोडून हलकं लोकरी राफल घेतलं. सवयीने रुंद बेतलं, आत कांगडी मावेल एवढं! निखारे पोटाशी धरून तू कॉलेजात बसणार आहेस थोडीच. घालून बघ, सैल वाटेल तिथे टाचण्या लाव. संध्याकाळी शिवून देते.

रंग माझा नाही. मी तपकिरी म्हणत होते, मळ दिसत नाही. तू निघालीस म्हणून आठवडाभर तुझ्याशी न बोललेले तुझे अब्बा दुकानात एकेक तागा गालाला लावून बघत होते. ‘टोचलं तर घालायची नाही ती,’ म्हणाले. निळा त्यांनी काढला. तुला सांगायचं नाही अशी ताकीद आहे, तेव्हा तुला काही माहीत नाही.

दुपारचा भात तू बागेत घेऊन ये. फेरन घालून ये, टाचण्यांसकट. उद्या सकाळी तुझी बस आहे, आणि ते आपण होऊन बोलायला येतील असं मला वाटत नाही. ताट त्यांच्या हातात तूच दे.

तुझी मोजी