दुधाचा भाऊ

अंबड, १९७४

मेहरुन,

तुझ्या सासरी सगळ्यांना उर्दू वाचता येतं, म्हणून मराठीत लिहून राह्यलो.

आपला निकाह ठरत होता, तेव्हाच माझी अम्मी बोलली, "हिची अम्मी आजारी पडल्ती, तेव्हा तान्ह्या मेहरुनला मीच पाजलं." काझीसाहेब म्हणाले, "मंग ही दुधाची भावंडं. शरियतमध्ये यांचा निकाह हराम." तुला शहागडच्या ट्रकवाल्या गफूरला दिलं.

परवा ईदी घेऊन आल्तो. गफूरचा सख्खा भाऊ दारात दिसताच तू आत पळालीस. माझ्यापुढं मात्र उघड्या डोक्यानं वाढत होतीस. "यांच्यापुढं पडदा कशाला? भाईच हैत," असं म्हणत गफूर हसला आणि आपल्या दोघांना घरात सोडून बिनधास्त ट्रककडं गेला.

तुझ्याजवळ बसायची मोकळीक मला शरियतनंच दिली, हे समजतं. तरी गफूरचा मला रोज हेवा वाटतो. त्याला माझा जरासुद्धा वाटू नये, हे सोसवत न्हाई.

तुझ्या सासरी भावाचंच पत्र चालतं; खाली 'तुझा भाई' लिहिलं, तरच हे टाकता येईल. ते लिहवत न्हाई.

शफी